शेवंताबाई, पाबळ, आणि पार्टी

या अंकात दरवर्षी निवृत्त झालेली माणसं आपापल्या नोकरीतल्या आठवणी लिहितात. रेल्वेतले काका, तलाठी, शाळेतले सर. मी अजून बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि माझं काम चालूच आहे. निवृत्त व्हायचं तर आधी कुठंतरी कायम व्हावं लागतं. तरी संपादक सर म्हणाले, "तुझा आवाज दोन तालुक्यांना माहीत आहे आणि तू कोण हे कुणालाच माहीत नाही. तेवढंच लिही." म्हणून लिहिते. असं पहिल्यांदाच लिहिते आहे, तेव्हा काही मागंपुढं झालं तर समजून घ्यावं.

शिरूर-दौंड भागात जत्रांच्या, जयंतीच्या, गणपतीच्या दिवसांत गावोगाव एक छोटा टेम्पो फिरतो. टपावर दोन भोंगे, दोन्ही बाजूंना रंगीत बॅनर. आतून एक बाई सांगत असते की अमुक गावी अमुक वारी लोकनाट्य आहे, भजनाचा सामना आहे, ऑर्केस्ट्रा आहे, तरी रसिकांनी लाभ घ्यावा. ती बाई बऱ्याचदा मी असते. म्हणजे मी त्या टेम्पोत नसते. मी कॉलेजात तरी असते नाहीतर मावशीच्या घरी भांडी घासत असते. टेम्पोत फक्त नाना ड्रायव्हर आणि पेनड्राइव्ह.

माझं गाव केडगाव. आई-वडील दुसऱ्याच्या रानात मजुरीला जातात. घरात कॉलेजला गेलेली मी पहिली, आणि शिरूरला मावशीकडं राहून शिकते. टेम्पो केडगावकडं गेला की आईला खुरपताना माझा आवाज ऐकू येतो. मग संध्याकाळी तिचा फोन येतो. कार्यक्रम कोणता, कुठं, हे ती कधीच विचारत नाही. "आवाज बारीक लागतोय, जेवती न्हाईस का?" एवढंच विचारते.

रफिकमामांचं दुकान शिरूरच्या एसटी स्टँडमागच्या गल्लीत आहे. पुढं भाड्यानं द्यायचे स्पीकर रचलेले, मागं रेकॉर्डिंगची खोली. खोलीच्या भिंतींना अंड्यांचे रिकामे ट्रे चिकटवलेत आणि त्यावर गोधड्या टांगल्यात, म्हणजे आवाज घुमत नाही. पंख्याची घरघर माइक पकडतो, म्हणून बोलताना पंखा बंद. जत्रांचा हंगाम नेमका चैत्रात. त्यामुळं आमच्याकडची प्रत्येक घोषणा घाम गाळून तयार होते, आणि हे मी शोभेसाठी लिहिलेलं नाही.

हे काम बाहेरून वाटतं तेवढं बोलण्याचं नाही, गाळण्याचं आहे. गिऱ्हाईक पानभर मजकूर आणतं. त्यात अध्यक्ष, उपाध्यक्ष, आधारस्तंभ, सगळे असतात. पण बाई चुलीपुढं भाकरी थापत असते आणि टेम्पो दारावरून जात असतो. तो कोपऱ्यावर वळायच्या आत तिच्या कानावर तीनच गोष्टी पडायला हव्यात: काय आहे, कुठं आहे, कोणत्या वारी आहे. वार दोनदा घ्यायचा, सुरुवातीला आणि शेवटी, कारण पहिल्यांदा तिनं ऐकायला सुरुवातच केलेली नसते. आणि सावकाश बोलायचं. भोंग्यातला शब्द वाऱ्यावर जातो, पुढच्यानं मागच्याला गाठता कामा नये. हे सगळं मला रफिकमामांनी शिकवलं. हल्ली काही मंडळं मोबाइलवर तयार केलेला बाईचा आवाज घेऊन येतात. मामांनी तो एकदा शेवटपर्यंत ऐकला आणि म्हणाले, "ह्या बाईला मधी दम लागत न्हाई, तहान लागत न्हाई. आपल्याला ऐकताना लागती."

आमच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्याच वर्षी कळते. भोंग्यातून गेलेला शब्द परत आणता येत नाही. दौंड तालुक्यातल्या एका गावात हौशी मंडळींचं नाटक होतं. आम्ही घोषणा केली, शुक्रवार. ऐनवेळी खलनायकाची कंपनीत शिफ्ट बदलली आणि नाटक शनिवारवर गेलं. नाना पुन्हा सगळ्या गावांतून नवी घोषणा वाजवत फिरला. तरी शुक्रवारी माणसं सतरंज्या घेऊन आलीच. त्यांना विचारलं, गाडी ऐकली नाही का? ते म्हणाले, "ऐकली की. पर आधीच्या गाडीनं शुक्रवार सांगितलंवतं." लोक पहिलं ऐकलेलं खरं धरतात. शेवटी नायकानं खलनायकाचे संवाद हातात धरून अर्धं नाटक केलं, आणि शनिवारी पुन्हा पूर्ण. दोन्ही दिवस टाळ्या पडल्या. पण मला ती गोष्ट पुढं फार उपयोगी पडली, किंवा फार त्रासाची झाली म्हणा.

गेल्या चैत्रात दुकानात एक मुलगा आणि एक म्हाताऱ्या बाई आल्या. मुलगा प्रवीण, भीमेकाठच्या एका गावातल्या जयंती मंडळाचा अध्यक्ष. गावाचं नाव लिहीत नाही. तो रांजणगावच्या कंपनीत कामाला, त्यामुळं आला तो युनिफॉर्मवरच. बाईंचं नाव शेवंताबाई. भांडगावच्या. पांढरं लुगडं, निळा काठ. प्रवीणच्या मंडळानं भीमगीतांचं गायन ठेवलं होतं. प्रवीणनं मजकूर मोबाइलवर लिहून आणला होता, तो मी मोठ्यानं वाचला: कालकथित शाहीर किसनदादा आणि पार्टी यांचा बहारदार कार्यक्रम.

शेवंताबाईंनी विचारलं, "गाणार कोण हाय?"

"मावशी, तुम्हीच की," प्रवीण म्हणाला.

"मग ह्यात किसनदादा कसं गात्यात? त्यांना जाऊन दोन वर्सं झाली."

किसनदादा म्हणजे त्यांचे मालक. सगळ्या भागात त्यांच्या पार्टीचं नाव होतं. शेवंताबाई कायम त्यांच्या मागं उभ्या राहून कोरस धरायच्या.

"नाव चालतं त्यांचं," प्रवीण म्हणाला. "लोक नावावर येत्यात, मावशी."

"येत्यात ना. मीबी त्याच नावाच्या मागं उभी ऱ्हायले. आयुष्य 'आणि पार्टी'त गेलं माझं. आता पार्टीनं मागं ऱ्हावं, मी पुढं हुते." मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "त्यांचं नाव घे, पोरी. पण माझ्या नंतर."

प्रवीणनं मान हलवली. हो म्हणायची त्याची तशीच पद्धत होती. मी मजकूर बदलायला घेतला आणि विचारलं, "गायिका शेवंताबाई, भांडगाव, असं घेऊ?"

"पाबळ घे."

"तुम्ही तर भांडगावच्या ना?"

"सासर भांडगाव. गळा पाबळचा हाय."

ते त्यांचं माहेर. प्रवीण हसला, पण शेवंताबाई हसल्या नाहीत. पुढची मागणी त्याहून अवघड होती. गाडी एकदा पाबळलाही फिरवा, म्हणाल्या. आता कार्यक्रम भीमेकाठी आणि पाबळ शिरूर तालुक्याच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथून गाणं ऐकायला कोण येणार? गाडी जिथून माणूस येईल तिथंच न्यायची, हा धंद्याचा साधा हिशेब. रफिकमामांनी तो समजावून सांगितला. शेवंताबाईंनी शांतपणे ऐकून घेतला.

"मला गर्दी नको हाय तिथनं," त्या म्हणाल्या. "एकच माणूस हाय. माझा भाऊ."

मग त्यांनी जे सांगितलं ते एवढंच होतं. लग्नानंतर त्या मालकांच्या पार्टीत उभ्या राहिल्या तेव्हा भाऊ, सखाराम, त्यांना म्हणाला होता, गाण्याच्या स्टेजवर जायचं तर जा, तिथं पाबळचं नाव सांगू नको. त्यावरून भांडण झालं नाही, येणंजाणं तुटलं नाही. भाऊ घरातल्या लग्नांना आला, मालकांच्या मयतीला आला, दिवाळीला भाऊबीज घेऊन आला. "बाकी समदं बोलतो. गाण्याचं एक अक्षर न्हाई. एकदाबी ऐकाय आला न्हाई. आता माझ्या नावानं पयला कार्यक्रम हाय. येवो न येवो. ऐकू तर जाऊ दे."

रफिकमामा म्हणाले, "नाना मंगळवारी शिक्रापूरला स्पीकर टाकायला जाणारच हाय. तसाच वर जाईल." शेवंताबाई मला म्हणाल्या, "तू जा त्याच्यासंगं. कसं वाजलं ते मला येऊन सांग."

अशी मी पहिल्यांदा गाडीत बसून माझाच आवाज ऐकत गेले. फार विचित्र वाटतं. आपण गप्प बसलेलो असतो आणि आपणच डोक्यावर ओरडत असतो. पाबळमध्ये वस्तीत शिरलो. "शनिवारी, शनिवारी संध्याकाळी आठ वाजता... गायिका शेवंताबाई, पाबळ, आणि पार्टी." पोरं मागं धावली. एका चहाच्या टपरीपाशी एक उंच, वाळलेले आबा रस्त्याच्या मधोमध येऊन उभे राहिले. नानानं ब्रेक दाबला.

"आवाज बारीक करा," ते म्हणाले. "हितं माणसं ऱ्हात्यात."

नानानं आवाज कमी केला. आबा जागचे हलले नाहीत. घोषणा पूर्ण होऊन पुन्हा सुरू झाली, तीही त्यांनी उभ्यानंच ऐकली. मग खिडकीशी येऊन मला विचारलं, "कवा म्हणाली?"

"शनिवारी संध्याकाळी, आबा. आठ वाजता."

"आठ," असं म्हणून ते गेले. टपरीवाल्या काकू म्हणाल्या, "सखारामआबा त्यो. जिचं नाव घेतंय तुमचं यंत्र, तिचा भाऊ."

परत आल्यावर शेवंताबाईंना फोन केला. चांगलं वाजलं, मी म्हणाले. कुणी काही बोललं का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "एक आबा म्हणाले, आवाज बारीक करा."

त्या हसल्या. "म्हंजी ऐकलं."

त्यांनी वार विचारून घेतला, वेळ विचारून घेतली, हे मी सांगितलं नाही. उगाच आशा लावल्यासारखं होईल असं वाटलं.

आणि बुधवारी दुकानात आप्पा आले. प्रवीणच्याच गावचे, जत्रा कमिटीचे प्रमुख, मोठे बागाईतदार. गावच्या जत्रेच्या तमाशाची घोषणा करायची होती. मी आत जाऊन पंखा बंद केला, माइक सुरू केला आणि मजकूर वाचायला लागले. पहिल्याच शब्दाला थांबले. शनिवारी.

इथं थोडं समजावून सांगायला हवं. त्या गावात दोन्ही कार्यक्रम दरवर्षी आसपास येतात, म्हणून थंडीतच दोन्ही कमिट्यांनी बसून ठरवलं होतं: पौर्णिमेला जत्रेचा तमाशा, दुसऱ्या दिवशी जयंतीचं गायन. तारीख कुणी बोललंच नाही. पौर्णिमा कधी, हे गावात कुणी कुणाला विचारत नाही, ते सगळ्यांना माहीतच असतं. पण त्या महिन्यात पौर्णिमा शुक्रवारी दिवसा लागून शनिवारी संपत होती. विहारात शुक्रवारची धरली, कारण चंद्र त्या रात्री भरणार. देवळाच्या गुरवानं शनिवारची धरली, कारण सूर्य उगवताना जी तिथी असेल तीच दिवसभर. जयंतीवाल्यांचा 'दुसरा दिवस' आणि जत्रावाल्यांची 'पौर्णिमा' एकाच संध्याकाळी आले. गावात दोन्ही मंडळींचं येणंजाणं होतं, बोलणं होतं, आणि तरी कुणाच्या लक्षात आलं नाही. दोन्ही कागद वाचलेली मी एकटीच होते.

रफिकमामांचा नियम आहे: आपण आवाज द्यायचा, मत द्यायचं नाही. एका गावात दोन गट असतात, दोघंही आपलं गिऱ्हाईक, एकाचं दुसऱ्याला सांगायचं नाही. मी माइकपुढं बसून राहिले. खोलीत इतकं उकडत होतं की फार वेळ विचार करणंही शक्य नव्हतं. मामांनी दार उघडून विचारलं, "काय झालं? घसा बसला?"

मी सांगितलं. त्यांनी आप्पांकडं बघितलं, कपाळ चोळलं, आणि बाहेर जाऊन प्रवीणला फोन लावला.

प्रवीण शिफ्ट संपवून आला. आप्पा तोवर बसून होते. चहा आला.

"पौर्णिमा शनवारची हाय," आप्पा म्हणाले. "गुरवानं सांगितलंय."

"आप्पा, चंद्र शुक्रवारी भरतोय. पौर्णिमा चंद्राची असती का सूर्याची?"

रफिकमामा कपबश्या गोळा करत म्हणाले, "आमच्यात चंद्र डोळ्यांनी बघितल्याबिगर काय ठरत न्हाई. तुमचं बरंय. न बघता दोन दोन ठरत्यात."

कुणी हसलं नाही. तमाशाच्या फडाला सुपारी देऊन झाली होती, म्हणजे बुकिंग पक्कं होतं, आणि हंगामात फडाला रोज एक गाव लागलेलं असतं, दिवस मागंपुढं होत नाही. इकडं शेवंताबाईंचे ढोलकीवाले आणि पेटीवाले रविवारी संध्याकाळी दुसऱ्या गावच्या जयंतीला जाणार होते.

"तमाशा दहाला उभा ऱ्हातो," आप्पा म्हणाले. "तवर तुम्ही तुमचं गायन उरकून घ्या."

"उरकून?" प्रवीण म्हणाला. "गायन काय साखरपुडा हाय व्हय? आन् त्याच वक्ताला तुमची पालखी डीजे लावून आमच्या वस्तीवरनं जाणार. मावशीनं डीजेत गायचं? दरवर्षी आम्हीच सरकायचं का, आप्पा?"

आप्पांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मी सरकलो असतो, पोरा," ते म्हणाले. "पर फड माझ्या घरचा न्हाई."

मोठ्या माणसांत आपण बोलावं का, हे मला अजून नीट कळत नाही. तेव्हा मी फक्त एवढं विचारलं, "शेवंतामावशींना विचारायचं का?"

तोपर्यंत त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. फोन लावून स्पीकरवर टाकला. प्रवीणनं सगळं सांगितलं. पलीकडं कोंबड्यांचा आवाज येत होता.

"रविवारी सकाळी गाते," त्या म्हणाल्या.

"सकाळी? मावशी, गायन सकाळी कोण ऐकतं?"

"आन् रातच्याला कोण ऐकतं? निम्मे प्यालेले, निम्मे झोपलेले. सकाळी माणूस शुद्धीत असतो. मला शुद्धीतली माणसं चालतील."

पहिल्यांदा आप्पा हसले. मग म्हणाले, जत्रेचा मंडप रविवारी काढत नाही, देवळापुढं तयारच आहे, तिथंच गा. तमाशाची हजेरी, म्हणजे दुसऱ्या दिवशी फड जो छोटा कार्यक्रम करतो तो, दुपारी घेऊ. प्रवीण म्हणाला, "मंडप आमचा आमच्या वस्तीत हाय, आप्पा. खुर्च्या कमी हायत. खुर्च्या द्या."

"देतो," आप्पा म्हणाले. "आन् बसायलाबी येतो."

मी आत जाऊन नवी घोषणा केली. रविवारी, रविवारी सकाळी सात वाजता. नाना ती घेऊन आसपासच्या गावांना निघाला. मग मी मामांना विचारलं, "पाबळ?"

"पाबळचं काय? तिथनं कोण येणार..." म्हणता म्हणता ते थांबले. पण टेम्पो शनिवारपर्यंत दुसऱ्या गावांना लागलेला होता. आणि मला ते सतरंज्या घेऊन आलेले लोक डोळ्यांपुढं दिसत होते. इतक्या वर्षांत एकदाही न आलेला माणूस कदाचित निघेल, चुकीच्या संध्याकाळी पोचेल, आणि त्याला भेटेल डीजे. तो पुन्हा येईल का? शेवंताबाईंकडं आबांचा फोन नंबर मागायचा तर, आबांनी वेळ विचारून घेतली होती, हे सांगावं लागलं असतं. आले नाहीत तर?

शुक्रवारी कॉलेज बुडवलं आणि एसटीनं गेले. शिक्रापूरला गाडी बदलली. पाबळच्या टपरीवाल्या काकूंनी घर दाखवलं. सखारामआबा अंगणात कांदे निवडत बसले होते, चांगले एकीकडं, डाग पडलेले दुसरीकडं. मी समोर जाऊन उभी राहिले आणि मला काय बोलावं ते कळेना. माझ्या आवाजाचा मला मोठा अभिमान होता, पण एका माणसाशी, समोर उभं राहून, असं काही सांगायची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती. मला जे येत होतं तेच मी केलं.

"रविवारी, रविवारी सकाळी सात वाजता," मी सुरू केलं, अगदी माइकपुढं करते तसं, "भीमगीतांचा बहारदार कार्यक्रम. गायिका शेवंताबाई, पाबळ, आणि पार्टी. ठिकाण..."

दारात त्यांची सून येऊन उभी राहिली. तिनं पदर तोंडाला लावला. आबा हातात कांदा घेऊन ऐकत राहिले. मी शेवटी नियमानुसार वार पुन्हा घेतला आणि थांबले.

"भोंगा कुठाय?" आबांनी विचारलं.

"आणला नाही, आबा."

"मग एवढ्या जोरात का बोलतीस? मी भैरा हाय व्हय?"

सून मोठ्यानं हसली. मीही हसले, पण घाम आला होता. आबांनी कांदा चांगल्या ढिगात टाकला. "शनवारचं रविवार का झालं?"

मी दोन पौर्णिमांचं सगळं सांगितलं. आप्पा, प्रवीण, फड, डीजे. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही.

"सकाळचं कुणी ठरवलं?"

"मावशींनीच."

"व्हय," ते म्हणाले. "लहानपणीबी सकाळीच गायची. पाण्याला जाताना. आय शिव्या द्यायची." मग सुनेकडं न बघता म्हणाले, "पोरीला च्या टाक." आणि पुन्हा कांदे निवडायला लागले. येतो म्हणाले नाहीत, येत नाही म्हणाले नाहीत. मला विचारायचं धाडस झालं नाही. बहिणीला पाबळचं नाव घेऊ नको असं का सांगितलं होतं, तेही विचारलं नाही, आणि त्याची मला अजून चुटपुट आहे.

रविवारी निवेदन मलाच करायचं होतं, म्हणून मी पहाटेच्या गाडीनं गेले. गावात आदल्या दिवशीच्या जत्रेचा कचरा होता, फुगे, कागद, भेळीच्या पुड्या. वस्तीतल्या मंडपात खुर्च्या मांडून झाल्या होत्या आणि प्रत्येकीच्या पाठीवर जत्रा कमिटीचं नाव होतं. जत्रेला आलेले पाहुणे गावातच मुक्कामाला होते, तेही हळूहळू येऊन बसत होते. तमाशातल्या दोन बायका ओल्या केसांनी, तोंड पुसत, येऊन मागं बसल्या. आप्पा धुतलेल्या कपड्यांत आले आणि आपल्याच खुर्चीवर बसले.

प्रवीण माझ्याजवळ येऊन म्हणाला, "पाबळचे एक आबा कालच आल्यात. सकाळी सातला पोचायला एसटीच न्हाई म्हणले, म्हणून आदल्या दिवशी निघाले. तमाशाला चला म्हणलं तर न्हाई म्हणले. विहारात झोपले."

स्टेजच्या मागं शेवंताबाई पेटीवाल्याशी काही बोलत होत्या. सखारामआबा बाजूला बसून चहा पीत होते. शेवंताबाईंचं लक्ष गेलं. त्या दोन पावलं पुढं आल्या.

"कवा आलास?"

"काल."

"जेवलास?"

"जेवलो."

एवढंच. आबा उठून पुढच्या रांगेत जाऊन बसले. शेवंताबाईंनी पदर नीट केला, गळा खाकरला, आणि मला म्हणाल्या, "घे."

रात्रभर तमाशा बघून गाव झोपलेलं होतं, म्हणून प्रवीणनं स्पीकरचा आवाज कमी ठेवला होता. मी माइक हातात घेतला. सगळ्यांना जय भीम केला. पुढं शेवंताबाईंचं नाव घेतलं, पार्टीचं घेतलं, कालकथित किसनदादांचं घेतलं, त्यांच्या नंतर. बाजूला व्हायला वळले तेवढ्यात पुढच्या रांगेतून आवाज आला.

"आवाज वाढव की, पोरी."

मी खाली बघितलं. "ऐकू येत नाही का, आबा?"

"मला येतंय," सखारामआबा म्हणाले. "मागं जात न्हाई. पाबळ म्हणलेलं कुणाला कळलंच न्हाई."

प्रवीणनं मशीनवरचं बटण फिरवलं. शेवंताबाई मान खाली घालून पेटीच्या भात्याकडं बघत होत्या. कार्यक्रम सुरूच झालेला असल्यामुळं वार सांगायची गरज नव्हती, ठिकाण सांगायचीही नव्हती. मी फक्त नाव घेतलं, सावकाश, गावासकट.